दुसरा थर

११ फेब्रुवारी

टिल्ल्या,

रागावलेल्या भावाला पत्राच्या सुरुवातीला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून नुसतं टिल्ल्या. तीन वर्षं झाली, माझा फोन तू उचलत नाहीस. परवा तुझ्या बायकोनं निरोप दिला, "त्यांचं म्हणणं, काय ते लिहून कळवा. फोनवर तुम्ही समोरच्याला बोलूच देत नाही." बरं बाबा. लिहिते. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, म्हणजे फायदा माझाच झाला.

साखरेवरच्या आमच्या नव्या उपचाराच्या चाचणीत तू नाव दिलंस हे ऐकून जीव भांड्यात पडला. माहिती मीच पाठवली होती, तुझ्या बायकोवर चिडू नकोस. तिनं बिचारीनं आठवडाभर तुझा मूड बघितला आणि मग विषय काढला म्हणे.

लॅबमध्ये मी काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. आता तुझ्याच पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा नीट ऐक. इन्सुलिन बनवणाऱ्या जिवंत पेशी दात्याकडून आमच्याकडे येतात. त्या तशाच तुझ्या पोटात सोडल्या तर तुझ्या शरीरातले शिपाई त्यांना परक्या समजून फाडून खातील. म्हणून आम्ही त्यांना कॅप्सूलमध्ये बसवतो. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला एक पॉलिमर असतो, चिकट, पातळ खळीसारखा. त्यात पेशी मिसळायच्या आणि सुईतून थेंब थेंब क्षाराच्या पाण्यात पाडायचे. पाण्यात पडला की थेंब घट्ट होतो. मोहरीएवढी पारदर्शक गोळी. मग तिच्यावर बाहेरून एक पातळ थर चढवायचा. त्या थराची भोकं इतकी बारीक की साखर आणि प्राणवायू आत जातो, इन्सुलिन बाहेर येतं, पण शिपायाला काही आत शिरता येत नाही. आतल्या पेशी साखर चाखतात आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडतात. तुला टोचायला नको, मोजायला नको, आणि माझी कटकटही नको.

हे गोळ्या पाडायचं काम माझं. तुझ्या गावच्या हॉस्पिटललाही आमच्याकडूनच जातील. तुझ्या कोण करेल ते अजून ठरलेलं नाही.

जेवतोस ना वेळेवर? बघ, विचारलंच.

ताई

२८ मार्च

टिल्ल्या,

तुझ्या बायकोचा फोन आला. सगळं नीट पार पडलं, तू शुद्धीवर आलास आणि पहिल्यांदा नर्सला विचारलंस की क्रेनवर परत कधी चढू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही! अरे, पोटाला टाके आहेत, आधी जिना तरी चढ.

मी आले नाही, कारण तू नको म्हणाला होतास. आले नाही याचं श्रेय मला मिळायला हवं. बॅग भरलेली होती, ती मी पुन्हा रिकामी केली.

तुझ्या गोळ्या चांगल्या हातांनी केल्यात, एवढं समज. जरा जास्तच जपून केल्यात. जास्त खोलात विचारू नकोस. आमच्याकडे एक नियम आहे, पेशंट ओळखीचा निघाला तर लॅबच्या मोठ्या मॅडमना सांगून बाजूला व्हायचं, त्याच्या बॅचला हात लावायचा नाही. गोळ्यांच्या डब्यावर पेशंटचं नाव नसतं, फक्त नंबर आणि गाव. तुझ्या गावातून पेशंट एकच आहे. नियम चांगला आहे, मी काही त्याच्याविरुद्ध नाही. असो.

तू सहा वर्षांचा होतास तेव्हा आईनं सुई माझ्या हातात दिली होती. म्हणाली, माझे हात थरथरतात गं, आजपासून हा तुझा. मी चौदाची. त्या दिवसापासून तुझ्या मांडीवरची एकेक जागा मला पाठ आहे. आता ते सगळं त्या गोळ्या करतील आणि मी बसेन टाळ्या पिटत.

ताई

१९ जून

माझ्या टिल्ल्या,

फोटो मिळाला! क्रेनच्या केबिनमधून काढलेला, खाली माणसं मुंग्यांएवढी. आणि मागे तुझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात, "वरून सगळं दिसतं. थँक्यू, ताई." मी तो लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. म्हणजे फोटो दाखवला, मागचं नाही, आणि पेशंट आहे हे तर मुळीच नाही. "माझा भाऊ, क्रेन चालवतो," एवढंच. आमच्याकडची चष्मेवाली म्हणाली, "बाई गं, मी तर बघूनच डोळे मिटले."

साखरेपायी तुला खाली उतरवलं होतं आणि स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं होतं, तेव्हा तू किती झुरलास ते तुझी बायको सांगायची. आता इन्सुलिन जवळजवळ बंद आणि तू परत वर. मला रस्त्यानं चालताना उगीच हसू येतं. लोक बघतात. बघू देत.

आनंदात आहे तोवर एक बोलून टाकते, नाहीतर परत जमायचं नाही. तुझ्या लग्नाच्या जेवणात मी सगळ्यांसमोर तुझ्या हातातली ताटली ओढून घेतली आणि तुझ्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याला हे चालत नाही, याला साखर आहे." तुझं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं होतं. मी तरी ताटली सोडली नाही. तुझं भलं करतेय असं वाटत होतं. चुकलंच, असं मी तेव्हा म्हटलं नाही. आता अर्धं म्हणते. उरलेलं अर्धं भेटल्यावर.

तुझी हवालदार (बघ, तू ठेवलेलं नाव मी विसरले नाही. आता ते आवडायलाही लागलंय.)

८ सप्टेंबर

टिल्ल्या,

हे पत्र लहान आहे आणि गोड नाही.

आज मोठ्या मॅडमनी सगळ्या पेशंटचे आकडे दाखवले. बाकीच्यांचं ठीक चाललंय. एका पेशंटची रेघ पावसाळी रस्त्यासारखी, वर काय, खाली काय. नाव नव्हतं, पण मला कळायचं ते कळलं. मॅडम म्हणाल्या, "याच्या शरीरानं स्वीकारलेलं दिसत नाही. नाहीतर पथ्य सोडलेलं असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तेव्हा आता खरं सांग, काय खातोयस? वर चढायला मिळालं म्हणजे सगळं माफ झालं असं समजू नकोस. मी तुला ओळखत नाही का? शाळेत असताना दप्तराच्या अस्तरात बिस्किटं कोण लपवायचं? इतक्या लोकांची मेहनत आहे यात. तुझ्या जिभेपायी ती मातीत जाऊ देऊ नकोस.

गोळ्यांमध्ये दोष नाही. मी स्वतः बघितलंय.

ताई

२ ऑक्टोबर

टिल्ल्या,

तुझं पत्र काल आलं. एवढं मोठं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस. मी ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग मला ते हातात धरवेना.

तू लिहिलंयस, "ताई, माझंच चुकलं. कामावरच्या एकाच्या वाढदिवसाला केक खाल्ला, तिथूनच सगळं बिघडलं असणार. तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत आणि मी माती केली." आणि तू लिहिलंयस की आकडे बरे यावेत म्हणून घरातलं जुनं इन्सुलिन तू चोरून टोचतोयस, तपासणीच्या आधी आणि वर चढायच्या आधी. की दोनदा वर केबिनमध्ये दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तू दांडा घट्ट धरून बसून राहिलास. खाली माणसं काम करत होती. आणि शेवटी, "मॅडमना सांगू नकोस. परत खाली उतरवतील. एकदा तरी हवालदार होऊ नकोस, हातापाया पडतो."

तू माझ्या पाया पडू नकोस रे. आधी हे वाच.

हे पत्र पोचेपर्यंत तू दहा वेळा वर चढशील, म्हणून आज सकाळी मी तुझ्या बायकोला फोन केला. तिला एवढंच सांगितलं की गोळ्या मेल्यात, चूक माझी आहे, आणि काही झालं तरी त्याला क्रेनवर जाऊ देऊ नकोस. तिनं विचारलं, "तुमची चूक म्हणजे?" मी म्हटलं, त्याला लिहितेय. आता लिहिते.

तुझ्या गोळ्या मी केल्या. डब्यावर तुझ्या गावाचं नाव बघितलं तेव्हाच मला मॅडमकडे जायला हवं होतं. गेले नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात तुला द्यायला माझं मन होईना. चष्मेवालीचा हात चांगला आहे, माझ्याहून स्थिर आहे, पण ती तुला ओळखत नाही, तिला काय पडलंय, असं मी स्वतःला सांगितलं. ती जेवायला गेली. मी थेंब पाडले, धुतले, वरचा थर चढवला. सगळं नियमानं झालं होतं. झाकण लावायचं तेवढं उरलं होतं.

आणि मला भीती वाटली. शिपायांनी हा थर फोडला तर? बाकीच्यांचा फुटला तर फुटेल, याचा फुटला तर? म्हणून मी दुसरा थर दिला. कुणी सांगितलं नव्हतं. तू थंडीत बाहेर निघालास की मी तुझ्या स्वेटरवर आणखी एक स्वेटर चढवायची आणि तू कोपऱ्यावर जाऊन तो काढायचास. या बिचाऱ्यांना काढता येत नाही.

त्या दिवशीच्या तपासणीत पेशी जिवंत दिसल्या. दिसणारच, त्यांना कोंडून एक तास झाला होता. पण दोन थरांतून प्राणवायू पुरेसा जात नाही. बाहेरच्या बाजूच्या पेशींना काही महिने मिळाला, तोवर तू बरा होतास. आतल्या आधी गुदमरल्या, मग हळूहळू सगळ्याच. तुझ्या शरीरानं काही नाकारलेलं नाही. केकनं काही झालेलं नाही. तू रोज केक खाल्ला असतास तरी गोळ्या अशा मेल्या नसत्या.

आता सगळ्यात वाईट. प्रत्येक बॅचमधल्या थोड्या गोळ्या आम्ही आमच्याकडे उबेत ठेवतो, पुढे काही शंका आली तर बघता याव्यात म्हणून. त्या आठ सप्टेंबरला मीटिंग संपल्यावर मी तुझ्या काढल्या आणि मायक्रोस्कोपखाली धरल्या. शेजारी दुसऱ्या एका पेशंटच्या धरल्या. त्याच्या आतून स्वच्छ होत्या. तुझ्या मधोमध काळ्या पडलेल्या, एकूण एक. मला त्याच क्षणी कळलं. मग मी त्या जागेवर ठेवल्या, हात धुतले, घरी आले, आणि तुला पत्र लिहिलं की काय खातोयस.

आधी बघितलं आणि मग लिहिलं, टिल्ल्या. उलट नाही. आणि त्या पत्रामुळे तू ते इन्सुलिन बाहेर काढलंस.

फोन झाल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या काहीतरी लिहीत होत्या. मी म्हटलं, "तो पेशंट माझा भाऊ आहे." त्यांना आधी कळेचना कोणता. मग चष्मा काढून ठेवला.

"भाऊ आहे, तर त्याच्या बॅचला तुम्ही हात लावलात कसा?"

"भाऊ आहे म्हणूनच लावला."

मग थराचं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे सरकवला. नव्या पेशंटना घेणं थांबवावं असं त्या वरच्यांना कळवत होत्या, तुझ्या एकट्याच्या आकड्यांमुळे. म्हणाल्या, "बाहेर रांगेत लहान मुलं आहेत. मी त्यांना नाही म्हणणार होते. तुम्ही महिनाभर माझ्यासमोर बसून चहा प्यालात." खरंच प्याले होते.

मला कामावरून बाजूला केलंय, चौकशी होईल. ते होऊ दे, ते माझं मी बघेन.

तुझी टोचण्याची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. तुझ्या बायकोलाही नाही. पण आता डॉक्टर तुला पूर्ण इन्सुलिन सुरू करतील, आणि तू आधीच किती घेतोयस हे त्यांना ठाऊक नसेल तर जिवावर बेतेल. तेव्हा तू सांग. तूच सांग. लपवायचं आता काही कारण उरलेलं नाही, कारण तुझी चूकच नव्हती.

लग्नातल्या त्या ताटलीचं मी अर्धं म्हटलं होतं. पूर्ण घे. मी चुकले. तेव्हाही आणि आत्ताही.

ताई

५ डिसेंबर

टिल्ल्या,

पुढचं कळव असं तू फोनवर शेवटी म्हणालास, म्हणून लिहितेय. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. हात ओले होते, तसाच उचलला. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तो माझ्यावर ओरडत होता. मला वाटायचं, असं झालं तर मी रडेन किंवा भांडेन. मी नळ बंद केला आणि ऐकत राहिले. तू म्हणालास, "लहानपणापासून मला काहीही झालं की तू आधी माझी चूक शोधलीस. चक्कर आली, काय खाल्लंस. ताप आला, कुठे भिजलास. मला तर आता स्वतःलाच तशी सवय लागलीय. मी आरशात बघून स्वतःला शिव्या घालत होतो, ताई. आणि तुला माहीत होतं."

मी "हो" म्हटलं. तू फोन आपटलास ते बरोबर केलंस. ऐन वेळी तुझ्या डॉक्टरांना टोचण्याचं सांगितलंस हेही मला ओरडतच सांगितलंस, पण सांगितलंस. मला तेवढं पुरलं.

चौकशी झाली. मला काढलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मात्र गोळ्या पाडायच्या खोलीत आता मला प्रवेश नाही. मी शेजारच्या खोलीत पॉलिमरचं द्रावण बनवते. पांढरी पूड पाण्यात टाकायची आणि गुठळी न होऊ देता ढवळत बसायचं. नव्या पोरींना आठवड्यात जमतं असं काम आहे. सगळ्या पेशंटसाठी एकच भांडं. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. काचेतून चष्मेवालीचा हात दिसतो आणि माझी बोटं उगीच हलतात. नवे पेशंट मात्र घ्यायला लागलेत. त्यात लहान मुलंही आहेत.

काल मॅडमनी बोलावलं. तुझ्या मेलेल्या गोळ्या काढून टाकल्यात आणि तू दुसऱ्यांदा करून घ्यायला तयार झालास, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "त्यांची एक अट आहे. माझा नंबर आणि तारीख बहिणीला कळू द्यायची नाही."

मला लागलं, टिल्ल्या. चांगलंच लागलं. मी म्हटलं, "बरं." खोलीबाहेर येऊन जिन्यात बसले. तिथे झाडूवाल्या बाईंनी दोनदा उठवलं आणि मी दोनदा परत बसले. नंतर विचार केला, अट घालून का होईना, माझ्याच लॅबच्या गोळ्या तू पोटात घ्यायला तयार झालास. तुझ्या जागी मी असते तर लॅबला आग लावली असती.

डब्यांवर आता गावाचं नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर असतो. ते माझ्यामुळेच. पण मी मुरलेली आहे. कोणता डबा लांबच्या गाडीनं जातो, कोणत्यात बर्फाच्या पिशव्या जास्त भरतात, हे बघून अंदाज बांधायला मला काही वेळ लागणार नाही. तुझ्या बायकोला मी बजावलंय की तारीख सांगायची नाही, मी गोड बोलले तरी नाही, रडले तरी नाही. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत तर मी फोनच ठेवून देईन." चांगली बायको मिळालीय तुला. लग्नाच्या दिवशी मला ते बघायला फुरसत नव्हती.

आज दुपारी चष्मेवाली गोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आली. आमच्या खोलीतूनच गाडीकडे जायचा रस्ता आहे. ती माझ्यापाशी थांबली. स्वभावानं फार मऊ आहे ती. हळूच म्हणाली, "लांबचा आहे. मी क्षणभर खाली ठेवते. मला काही दिसलं नाही."

माझा हात ढवळणीवर होता. अरे, एक पाऊल. एक पाऊल टाकलं असतं तर डब्यावरची पट्टी दिसली असती, नंबर कळला असता, आणि पुढचे सहा महिने मी त्या नंबरची रेघ बघत जगले असते.

मी म्हटलं, "उचल तो. उशीर होईल." आणि भिंतीकडे तोंड केलं, आणि गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत वळले नाही.

ताई